पळालेली पोर कोणाच्या हवाली

पेन्शनीत गेल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात. मी जुन्या आरोपींच्या दारांत जाऊन उभा राहू लागलो. आरोपी म्हणजे दरोडेखोर नव्हेत. ज्यांना मी पोरवयात धरून ठाण्यात आणलं होतं, ती माणसं. आता कोणी शिंपी, कोणी हमाल, कोणी कापसाच्या जिनात कामाला. मला त्यांना एवढंच विचारायचं होतं की, ठाण्यात आम्ही तुझ्याशी कसे वागलो आणि कसं वागायला हवं होतं? उत्तरं गोळा करून खात्याला एक टिपण लिहून द्यावं, नव्या ठाणेदारांना उपयोगी पडेल, असा माझा बेत होता.

पहिल्याच घरी माझी ओळख पटली. अमरावतीचा एक शिंपी, अकरा वर्षांचा असताना मी त्याला बाजारात खिसा कापताना पकडलं होतं. मला गल्लीच्या तोंडाशी पाहून तो मशीनवरून उठला आणि आत गेला. बायको बाहेर आली. म्हणाली, "ते गावाले गेले जी." मशीनचं चाक अजून फिरत होतं.

दुसऱ्यानं मला बसवलं, चहा दिला आणि शेवटपर्यंत "सारे चांगले वागले साहेब, लय चांगले वागले" एवढंच म्हणत राहिला. निघताना त्यानं हळूच विचारलं, "कोनाचं नाव घ्याचं हाये का? घेतो मी." त्याला वाटलं, मी जुन्या प्रकरणात साक्षीदार शोधतोय.

खात्यातल्या लोकांचाही विश्वास बसेना. माझ्या हाताखाली काम केलेल्या एका जमादारानं मला भर बाजारात गाठून विचारलं, "साहेब, तुमी चळवळवाल्यायले जाऊन मिळाले का?" मी नाही म्हटलं. त्यानं मान हलवली आणि दोन दिवसांनी माझ्या घरासमोरच्या पानठेल्यावर साध्या कपड्यातला एक शिपाई बसलेला दिसू लागला. त्याला बसायची पद्धत मीच शिकवली होती, म्हणून ओळखू आला.

मी रागावलो नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात ते हेच. जो पटकन बोलतो त्याच्यावर संशय घ्या, जो थांबून बोलतो त्याच्यावर जास्त घ्या आणि जो बोलतच नाही त्याला सोडू नका. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे बरंचसं खरं ठरतं. पोरांच्या बाबतीत त्यानं काय होतं, ते मी एका बकरीवरून शिकलो होतो आणि शिकून विसरलो होतो.

बकरी एका गवळणीची. तिनं एका पोरावर संशय सांगितला. आम्ही त्याला वऱ्हांड्यात बसवलं. वऱ्हाड-मध्यप्रांतात तेव्हा ठाण्यात पोरांसाठी वेगळी जागा नसे. कोठडीत तरी ठेवा, नाहीतर वऱ्हांड्याच्या खांबाशी. मी, जमादार आणि दोन शिपाई, अशा चौघांनी आळीपाळीनं एकच प्रश्न विचारला. तिघांनी दरडावून, एकानं फुटाणे देऊन. तिसऱ्या फेरीला पोरगा कबूल झाला. बकरी कशी सोडली, कोणत्या वाटेनं नेली, कसायाच्या अंगात कोणत्या रंगाची बंडी होती, सगळं त्यानं सांगितलं. मी खूश होऊन लिहून घेतलं. संध्याकाळी कोंडवाड्याचा शिपाई सांगत आला, की एक बकरी सकाळपासून इथं ओरडून राहिली, कोणाची आहे? तीच बकरी होती. मी पोराला विचारलं, तू कबूल काहून झाला? तो म्हणाला, "तुमी तेच इचारत होते ना."

आम्ही खूप हसलो. ती गोष्ट मी कैक वर्षं मेजवानीत सांगत असे.

खरं तर या टिपणामागे शिंपी नव्हता, बकरीही नव्हती. एक मुलगी होती.

मी तेव्हा अकोल्याकडच्या एका ठाण्यात होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तिथं आता दुसरे लोक आहेत. हंगामाचे दिवस, कापसाच्या बाजारात गाड्यांच्या रांगा. एका गाडीवानाला सकाळी रिकाम्या गोण्यांखाली एक मुलगी झोपलेली सापडली. तेरा-चौदा वर्षांची. पायांच्या तळव्यांत काटे रुतलेले. गाडीवान तेल्हाऱ्याकडून आला होता. ही केव्हा चढली त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तिला ठाण्यात आणून सोडलं, कारण मुलीच्या हातात चांदीचे जाड गोट होते, पायांत तोडे होते आणि ते तिला सैल होत होते.

सैल दागिने पाहिले आणि माझ्या डोक्यात प्रकरण तयार झालं. कोणाच्या घरी कामाला असेल, मालकिणीचे दागिने घेऊन पळाली असेल. मी विचारलं, "दागिने कोणाचे?" ती गप्प. "कुठून पळाली?" तिनं गावाचं नाव सांगितलं. "नाव काय?" "शेवंता." नंतर पुन्हा दागिन्यांचं विचारलं की गप्प. मी तिच्या गावच्या पोलीस पाटलाकडे माणूस पाठवला आणि तिला वऱ्हांड्यात बसवून ठेवलं. येणारे जाणारे सगळे तिच्याकडे पाहत होते. एकानंही तिच्या पायातला काटा काढला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस आला. स्वच्छ धोतर, डोक्याला नवा पटका, बोलणं नम्र. नाव सोनाजी. पाटलाची चिठ्ठी त्याच्याजवळ होती. तो शेवंताच्या मोठ्या बहिणीचा नवरा. आईबाप नसल्यानं पोरगी त्याच्याच घरी वाढत होती.

"दागिने?" मी विचारलं.

"माह्या बायकोचे हायेत जी."

"बायको कुठं आहे?"

"वारली. विहिरीवर पाय घसरला. अजून महिना नाही झाला." त्यानं डोळे टिपले. "आता घर चालवाले हिच्याशीच लगीन लावाचं ठरलं, तं ही पोट्टी वेड्यावानी पळून गेली."

मी जिभेनं च् च् केलं. बायकोचं मरण ऐकून मी जिभेनं आवाज केला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही, हे आज लिहितानाही मला लाज वाटते. विहीर माझ्या हद्दीतली नव्हती. त्या हद्दीच्या ठाण्यानं अपघात म्हणून कागद बंद केला असणार, म्हणजे संपलं. माझ्यासमोर प्रश्न दागिन्यांचा होता आणि त्याचं उत्तर मिळालं होतं.

शेवंताला आत बोलावलं. ती दारातच थांबली. मी, जमादार, लिहिणारा शिपाई, आणखी दोघं आणि सोनाजी, एवढे पुरुष खोलीत. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले याच्यासंगं नका धाडू जी."

"काहून?"

तिनं एकदा सोनाजीकडे पाहिलं. सोनाजी खाली पाहून हात चोळत होता, बिचारा दिसत होता. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा जमादारानं ओरडून विचारलं. मग मी डायरीत लिहिलं, 'मुलगी हट्टी आहे, कारण सांगत नाही.' सोनाजीचा अंगठा घेतला आणि पोर त्याच्या हवाली केली. ती रडली नाही. रडली असती तर कदाचित मी थांबलो असतो, असं मला नंतर वाटत राहिलं. पण हे मी स्वतःच्या सोयीसाठी म्हणतो की काय, याचाही मला भरवसा नाही.

वीसेक वर्षं गेली. पेन्शनीत निघताना जुन्या डायऱ्या घरी आणल्या आणि ती ओळ वाचली. सोनाजीचे हात आठवले. हात चोळत होता खरा, पण उजव्या हाताच्या मनगटावर नखांचे जुने ओरखडे होते. ते मी त्या दिवशीही पाहिले होते. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

मी तेल्हाऱ्याकडच्या त्या खेड्यात गेलो. लढाईचे दिवस, पेट्रोल नाही, कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार दर चढावाला थांबायची. सोनाजी आता पन्नाशीचा, गावात वजनदार. त्यानं मला ओट्यावर बसवलं. आत दुसरी बायको, कमळा नावाची, बरीच लहान वयाची. तिच्या दोन मुली. थोरली बारा-तेराची. पाणी घेऊन आली आणि बापाच्या हाताच्या टप्प्यातून न जाता लांबून वळसा घालून माझ्यापर्यंत आली. पेन्शनीत गेलं तरी पोलिसाचा डोळा सुटत नाही.

"शेवंता?" सोनाजी म्हणाला. "ठान्यातून घरी नेतानी अकोटाले मोटार थांबली तं ते उतरली, अन् उतरली ते उतरलीच. आमच्यासाठी ते मेली, साहेब. पण तुमी आता काहून इचारून राहिले?"

मी म्हटलं, टिपण लिहितोय. त्याचा विश्वास बसला नाही. मला मात्र समाधान वाटलं. मुलगी निसटली होती. आयुष्यात पहिल्यांदा आरोपी निसटल्याचा मला आनंद झाला.

अकोटच्या मोटार अड्ड्यावर एक म्हातारा एजंट अजून होता. त्याला ती गोष्ट आठवत होती, कारण पोरगी दिसेना तेव्हा सोनाजीनं त्याचीच गचांडी धरली होती. "बाजाराचा दिवस," तो म्हणाला. "बाया लय होत्या. अमरावतीची एक चुडीवाली होती, रहीमन बी. बुरख्यात आली एकटी, गेली तवा संग अजून एक बुरखा होता. म्या पाह्यलं. पण म्या काहून सांगू त्याले?"

अमरावतीत रहीमन बीचं घर शोधायला मला दोन दिवस लागले. म्हातारी दारातच बसली होती, बांगड्यांचे तुकडे वेगळे करत. मी शेवंताचं नाव घेतलं.

"कोन शेवंता?" ती म्हणाली. "इधर कोई शेवंता नै रैती."

"तिला काही होणार नाही. मी पोलिसात नाही आता."

"पुलिसवाला कबर में बी पुलिसवालाच रैता," तिनं शांतपणे सांगितलं आणि तुकडे निवडत राहिली.

मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी आतून कोणीतरी मला पाहतंय असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, अमरावतीतल्याच माझ्या घराच्या दारात एक चुडीवाली आली. तिशीच्या पुढची, उंच, डोक्यावर टोपली. माझ्याकडे न पाहता सरळ आत गेली. चुडीवालीला आत जायला कोणी अडवत नाही आणि बायका चुड्या भरत असताना पुरुषानं तिथं थांबायचं नसतं. मी वऱ्हांड्यात बसलो. एक तास झाला तरी ती बाहेर येईना. शेवटी बायको बाहेर आली. तिचा चेहरा वेगळाच होता.

"शेवंता आहे ती," ती म्हणाली. "मला विचारत होती, हा माणूस कसा आहे. घरात हात उचलतो का."

"मग काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. एकदा उचलला होता, म्हटलं. बावीस वर्षांखाली. आणि त्यानंतर आठ दिवस मी बोलले नाही, म्हणून पुन्हा नाही."

मला वाटलं, गेली ही आता. पण बायको म्हणाली, "ती म्हणते, बाई खोटं बोलत नाही, तं बोलाले हरकत नाही. पण मी तिच्याजवळ बसणार. तुम्ही दारात बसा, आत येऊ नका."

मी दारात बसलो. शेवंता भिंतीला टेकून बसली होती, बायकोच्या शेजारी. तिनं सांगितलं ते थोडक्यात असं.

बहीण विहिरीवर घसरली नव्हती. शेवंता गोठ्यात होती, तिथून विहीर दिसत असे. सोनाजीनं बहिणीला मारत मारत काठापर्यंत नेलं होतं. तिनं त्याचा हात धरून ठेवला होता, तो त्यानं सोडवला. गावाला त्यानं सांगितलं, पाय घसरला. शेवंता महिनाभर एकही शब्द बोलली नाही. मग लग्नाचं ठरलं तेव्हा तिनं बहिणीचे गोट आणि तोडे अंगावर घातले आणि पळाली.

"दागिने काहून घेतले?" मी विचारलं. जुनी सवय.

"बहिणीचं अजून काई नव्हतं जी," ती म्हणाली.

मग मी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी इतकी वणवण केली होती. "त्या दिवशी ठाण्यात मी कसं विचारलं असतं म्हणजे तू सांगितलं असतंस?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला, माझी सोय पाहिली नाही. "तुमी कसंबी इचारलं असतं तं मी नसतं सांगतलं. तो उभा होता ना तिथं. आधी त्याले बाहीर काढाचं. मंग सारे पुरुष बाहीर. एखांदी बाई बोलवाची, कोनतीबी, झाडूवाली असली तरी. तिनं माह्याजवळ बसाचं. काई इचाराचं नाही. पायातला काटा काढाचा." मग ती म्हणाली, "रहीमन बीनं अकोटात तेच केलं. काई नाही इचारलं. बुरखा टाकला माह्या अंगावर अन् म्हने, चल बेटी. वरीस झाल्यावर मी आपल्या मनानं सांगतलं."

रहीमन बीनं तिला वाढवलं, धंदा शिकवला. नाव तिनं बदललं नव्हतं. बाकीचं मी विचारलं नाही.

मी तिला सांगितलं, तू साक्ष दिलीस तर प्रकरण उघडायचा प्रयत्न करतो. पण खरंही सांगितलं, की वीस वर्षं झाली, एकच साक्षीदार, तीही पळालेली आणि दागिने घेतलेली. सोनाजीचा वकील तिलाच पिंजऱ्यात उभी करील. ती माझ्याकडे पाहत होती. तिला कोर्टात रस नव्हता.

"त्याच्या घरात आता कोन हाये?" तिनं विचारलं.

मी कमळाचं सांगितलं. दोन मुलींचं सांगितलं. थोरली पाणी घेऊन कशी वळसा घालून आली, तेही सांगितलं.

शेवंता उठली. टोपली डोक्यावर घेतली. "तेल्हाऱ्याचा बाजार कवा असते?" तिनं विचारलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही वेगवेगळे सोनाजीच्या गावी गेलो. ठरलं एवढंच होतं, की मी सोनाजीला ओट्यावर गुंतवून ठेवायचं. ती गावात घरोघर चुड्या भरत फिरली आणि सोनाजीच्या घरी पोचली तेव्हा मी त्याच्यासमोर बसून कापसाच्या जातींवर बोलत होतो. पदर तिनं कपाळाखाली ओढला होता. सोनाजीनं तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ती आत गेली.

वेळ जात राहिला. आतून चुड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. सोनाजी दोनदा उठायला गेला.

"बायायच्या चुड्यात आपलं काय काम," मी म्हटलं. "बसा."

"लय येळ झाला."

"हात नाजूक असतील. वेळ लागतो."

तो बसला, पण माझ्याकडे रोखून पाहू लागला. "साहेब, तुमी कोनत्या कामानं आले, हे मले अजून समजून नाही राहिलं."

"टिपणाच्या," मी म्हटलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी दारांना कान लावले, खिडक्यांखाली उभा राहिलो. त्या दिवशी भिंतीपलीकडे काय बोलणं चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं आणि ते तसंच राहावं म्हणून मी एका माणसाला कापसाच्या गोष्टी सांगत बसलो होतो.

शेवंता बाहेर आली. ओट्याच्या पायऱ्या उतरताना तिनं पदर मागे केला आणि सोनाजीकडे पाहिलं, अगदी सरळ. ती निघून गेली तरी तो त्या वाटेकडे पाहत होता.

आठ-दहा दिवसांनी कमळाचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. सणाला नेतो म्हणाला. कमळा दोन्ही मुली घेऊन माहेरी गेली आणि परत आली नाही. सोनाजी न्यायला गेला तेव्हा तिच्या भावांनी त्याला दारात बसवून पाणी दिलं आणि मुलींना बाहेर आणलं नाही. हे मला सोनाजीनंच सांगितलं. तो अमरावतीला माझ्या घरी आला होता.

"तुमी काय सांगतलं तिले?" त्यानं विचारलं.

"मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तुमच्यासमोरच बसलो होतो."

"मंग ते चुडीवाली कोन होती?"

"तुम्हाला कोण वाटली?"

पानठेल्यावरच्या साध्या कपड्यातल्या शिपायाकडे त्यानं दोनदा पाहिलं, मग छत्री उचलली आणि गेला. तो शिपाई माझ्यासाठी बसवलेला आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

टिपण मी दोन पानांत पुरं केलं. पळालेलं पोर सापडलं तर न्यायला येणाऱ्याला आधी बाहेर बसवावं, पोराजवळ एक बाई बसवावी आणि हवाली करण्याची घाई करू नये. एवढंच. वरून उत्तर आलं, की सूचना योग्य त्या फायलीत ठेवली आहे. ती फाइल कोणती, हे मी विचारलं नाही. फायलींवर विश्वास ठेवण्याचं माझं वय राहिलेलं नाही. मी त्याच्या नकला काढून ओळखीच्या ठाणेदारांना स्वतः नेऊन दिल्या. एकानं माझ्यासमोरच वाचली आणि विचारलं, यात तुमचा फायदा काय? दुसऱ्यानं मात्र पुढच्या महिन्यात निरोप पाठवला, की एक पोरगा सापडलाय, बाप न्यायला आलाय, बापाला पिंपळाखाली बसवून ठेवलंय, पुढं काय करू?

कमळा माहेरीच राहिली, ही बातमी द्यायला मी रहीमन बीच्या घरी गेलो. म्हातारीनं या वेळी दार अडवलं नाही, पण बसही म्हणाली नाही. शेवंता आत चुड्यांचे जोड लावत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हात थांबवले नाहीत.

"त्या दिवशी आत तू तिला काय म्हणालीस?" मी विचारलं. "टिपणात उपयोगी पडेल."

"तिचं माहं बोलनं व्हय ते," शेवंता म्हणाली. "तुमाले काहून सांगू?"

माझ्या हातात पेन्सिल होती, केव्हा काढली ते मलाच कळलं नव्हतं. शेवंता त्या पेन्सिलीकडे पाहत राहिली, मी ती खिशात परत ठेवेपर्यंत. मग तिनं पुढचा जोड उचलला, आणि मी चपला घालून निघालो.